तीन दिवस, सत्तावीस अंश

सकाळी सव्वासहाला कोकणी गाडी काढतो.
मागे बर्फाची पेटी, एकवीस बाटल्या, दोरी, बादली,
आणि गांगुर्डेकाका, निवृत्तीला आठ महिने उरलेले,
सीटबेल्ट न लावण्यावर ठाम.

सोमेश्वरला पाणी अजून पाण्यासारखं बोलतं.
मी बाटली काठोकाठ भरते. बुडबुडा राहता कामा नये.
राहिला, तर आपणच नदीला
उसना श्वास दिल्यासारखं होतं,
आणि उसन्याला फॉर्मवर रकाना नाही.

मग दोन मिली हे, दोन मिली ते.
बाटली पालथी-सुलटी, पंधरा वेळा.
आत तपकिरी ढग उतरतो.
काका म्हणतात, "हां. जिती आहे."
मी लिहिते: रंग नाही. वास नाही. शेरा नाही.

रामकुंडावर कुणाच्या अस्थी, कुणाचं पहिलं स्नान,
कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून एक मुलगा
मोबाइलवर क्रिकेट बघतोय.
"या, गंगेला तपासायला आल्या," गुरुजी वाट देतात.
त्यात टोमणा असतो की कौतुक,
सहा वर्षांत कळलेलं नाही.
गोदावरी ती फक्त आमच्या कागदावर.
बाहेर सगळे गंगाच म्हणतात. मीसुद्धा, घरी.

समोर दुतोंड्या मारुती.
त्याला ना बॅटरी, ना दुरुस्तीचं कंत्राट.
गुडघ्याला, कमरेला, छातीला...
पुराचा आकडा अख्खं गाव त्याच्या अंगावर वाचतं.
आमच्या यंत्रावर एवढा विश्वास कुणाचाच नाही.
पण किती आलं, एवढंच तो सांगतो.
काय आलं, ते नाही.

नासर्डी मिळते तिथे कोकणी न सांगता काच वर करतो.
सरकारदरबारी तिचं नाव नंदिनी.
फेस असा, की वर कुठेतरी
कुणी अख्ख्या शहराचे कपडे भिजत घातलेत.
दोन मिली हे. दोन मिली ते.
ढग उतरला.
पांढरा.
काकांनी बाटली उजेडाकडे धरली. पुन्हा धरली.
पांढराच.

काठावर ठकूबाई मेथीच्या जुड्या धूत होती.
"काय निघालं गं पोरी?"
सही होईपर्यंत नमुना मुका, असा नियम.
"तीन दिवसांनी कळेल, मावशी.
सत्तावीस अंशांवर ठेवावं लागतं."
"आन् तीन दिसांनी हे पानी कुठं आसंल?"

नांदूर मध्यमेश्वरला असेल, बदकांच्या पोटाखाली.
किंवा निफाडकडे कुणाच्या द्राक्षाच्या मुळाशी.
ज्याचा आकडा मी लिहीन
ते पाणी आकडा ऐकायला थांबलेलं नसेल.

आकडा प्रादेशिक कार्यालयात जाईल.
तिथून महापालिकेला पत्र.
महापालिका कळवेल: पत्र संबंधित विभागाकडे.
मागच्या बारा पत्रांना जावक क्रमांक आहेत,
लाल शाईत, सुबक.
आवकच्या वहीत उत्तरं चार,
त्यातली तीन एकसारखी.
तरी मी दर महिन्याला येते.
वही बंद पडली, की नदी सुधारली
असं समजायला पुष्कळ जण टपलेत.

"मावशी, भाजी इथं नका धुऊ."
हे सांगायचं काम माझं नाही, पण सांगितलं.
ती हसली नाही, चिडली नाही. जुडी झटकली.
"मंग कुठं धू, ते बी लिहून आण."

गाडीत काकांनी सीटबेल्ट लावला.
कोणी काही विचारलं नाही.
पेटीतला बर्फ खडखडत होता.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
मी बारीक अक्षरात लिहिलं:
नमुना घेतेवेळी काठावर मेथी धुतली जात होती.
साहेब म्हणतील, हे मापन नव्हे.
खोडतील बहुधा.
म्हणून पेनाने लिहिलं,
खोडलेलं तरी दिसेल.